तटस्थ कोण?

मी दहावी पास. न्हावाशेव्याला हमाल. पनवेलातून पाळीला जातो, परदेशातून आलेले कंटेनर रिकामे करतो. सगळं जग माझ्या हातावरून जातं. पण 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा विषय म्हणे माझा नाही. तो विद्वानांचा.

परवा पनवेलात एका विद्वानाचं भाषण ऐकलं. म्हणाले, जगाचं राजकारण आपण गोऱ्यांच्या चष्म्यातून बघत आलो, आता भारतीय दृष्टी पाहिजे. खरंय. या विषयाचं पहिलं अध्यासनच १९१९ साली वेल्समध्ये निघालं. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात त्यांनी कौटिल्य काढला आणि तिथंच थांबले. माझे हात खाली आले. च्यायला, गोऱ्या साहेबाचा चष्मा उतरवून शास्त्रीबुवांचा चढवायचा, एवढंच?

मी विचारलं, तुमची जात तुमच्या अभ्यासात कुठं येते? म्हणाले, अभ्यासक तटस्थ असतो.

तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला. दोस्तांनो, आपल्या बापजाद्यांना तळ्याच्या काठावर कोण उभं राहू देत होतं? इथून गोवा रस्त्यानं गेलं की महाड लागतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथल्या पाण्यात उतरले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी आपल्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. तळं कोकणातलं, नजर जगावर!

१९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिलं. निग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्य आणि निग्रो यांची दुःखं जोडणारा हा माणूस कुठल्या परराष्ट्र खात्याचा नव्हता. १९५१ ला मंत्रिपद सोडताना त्यांनी परराष्ट्र धोरणावर बोट ठेवलं. मित्र नाहीत म्हणून लष्करावर एवढा खर्च, हे सांगितलं. १९५४ ला राज्यसभेत पंचशीलावर विचारलं, माओचा त्यावर विश्वास असता तर तो आपल्याच देशातल्या बौद्धांशी वेगळा वागला नसता का? १९६२ ला चीननं उत्तर दिलं.

२००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरचा प्रश्न. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबही सांगत. पण म्हणून तोंड मिटा, असं त्यांनी कधी सांगितलं? २०२३ ला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदावर कायद्यानं बंदी घातली. जात विमानात बसून तिथवर गेली, मग घरचा प्रश्न कसला?

पण आपल्यालाही एक सांगतो. नुसत्या जन्मानं दृष्टी येत नाही. जन्म फक्त उभं राहायची जागा देतो. तिथून काय दिसतं ते कळायला पुस्तकं फोडावी लागतात. बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडन पालथं घातलं, ते उगाच नाही. पाळी संपली की मी वाचतो. डोळे मिटतात, तरी वाचतो.

विद्वानांनो, आधी सांगा कुठं उभे आहात. आम्ही सांगितलंय.

जय भीम!