हर्नियाचा पट्टा किती घट्ट बांधायचा? उत्तर पट्ट्यावरच का नसते?

माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर हमाली करतात. यंदाचा हंगाम सुरू होता होता त्यांच्या उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसू लागली. उभे राहिले की येते, आडवे झाले की जाते. डॉक्टरांनी तपासून हर्निया असल्याचे सांगितले आणि शस्त्रक्रिया सुचवली. ‘हंगाम संपू दे, मग बघू,’ असे म्हणत मामांनी मोबाइलवरून एक हर्निया बेल्ट मागवला. कमर ३८ इंच, म्हणून ‘एल’ साइज. तीन आठवड्यांत जांघेतली कातडी लालबुंद झाली आणि गाठ पट्ट्याखालून सटकून बाहेर येऊ लागली. मी सुट्टीला गेलो तेव्हा मामांनी तो पट्टा माझ्यापुढे टाकला. ‘‘तू इंजिनिअर ना रे? बघ बरं, यात काय चुकलंय.’’

मी मेकॅनिकलचा. चार वर्षे स्प्रिंग, पट्टे आणि दाब यांचीच गणिते सोडवली, मग बातम्या लिहायला लागलो. तेव्हा हे बघणे भागच होते. बघितल्यावर लक्षात आले की चूक मामांची कमी आणि पट्ट्याची जास्त आहे.

पट्टा नेमके काय करतो?

पोटाची भिंत म्हणजे स्नायू आणि त्यांच्यावरचे चिवट पडदे. एखाद्या जागी ही भिंत कमकुवत झाली की आतली चरबी किंवा आतडे तिथून बाहेर डोकावते. यालाच हर्निया, जुन्या भाषेत अंतर्गळ म्हणतात. जांघेतला हर्निया सर्वाधिक आढळतो, त्यातही पुरुषांमध्ये. शिवाय बेंबीचा असतो, जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून येणाराही असतो.

पट्टा हे भोक बुजवत नाही. आत ढकललेला भाग परत बाहेर येऊ नये म्हणून तो बाहेरून फक्त दाबून धरतो. दाराची कडी तुटली म्हणून दाराला पाठ लावून उभे राहावे, तसे. पाठ काढली की दार उघडते. त्यामुळे ‘पट्टा लावून हर्निया बरा झाला’ असे कोणी सांगत असेल, तर मोठ्यांच्या बाबतीत त्यावर विश्वास ठेवू नका. तान्ह्या बाळांच्या बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा चार-पाच वर्षांत आपोआप बंद होतो. आपल्याकडे बेंबीवर नाणे ठेवून फडके बांधायची जी पद्धत आहे, तिला त्याचे फुकटचे श्रेय मिळत आले आहे.

मग घट्ट किती?

इथे थोडे गणित करावे लागेल, पण ते सोपे आहे. रक्तदाब ज्या एककात मोजतात, म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, त्याच एककात पोटाच्या आतला दाबही मोजतात. निरोगी माणसांवर झालेल्या एका अभ्यासात, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, आडवे असताना हा दाब सरासरी २ च्या आसपास, उभे असताना २०, उभ्याने खोकताना १०० च्या थोडा वर आणि उडी मारताना १७० च्या आसपास नोंदवला गेला. म्हणजे एकाच माणसाच्या पोटात, एकाच दिवसात, दाब पन्नास पटींहून अधिक वर-खाली होतो.

आता समजा, भिंतीतले भोक ३ सेंटिमीटर व्यासाचे आहे. क्षेत्रफळ झाले सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. नुसते उभे राहिल्यावर त्या भोकातून बाहेर पडणारा जोर भरतो साधारण १९० ग्रॅम. खोकल्यावर तोच एक किलोवर जातो. पट्ट्याच्या गादीला कधी पावशेराहून कमी आणि कधी किलोभर जोर रोखायचा असतो, आणि पुढचा खोकला कधी येणार हे तिला ठाऊक नसते.

‘मग किलोचाच जोर लावून ठेवू,’ असे मामा म्हणाले आणि त्यांनी केलेही तसेच. पण त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त वाहते ते ३० मिलिमीटरच्या आसपासच्या दाबाने. त्याहून जास्त दाब तासन्‌तास राहिला तर त्या जागेचा रक्तपुरवठा आटतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पाठीवर जखमा होतात त्या याच कारणाने. ६ सेंटिमीटर व्यासाच्या गादीवर एक किलो जोर समान पसरला, तर त्वचेवर २६ मिलिमीटर दाब येतो. कागदावर कसेबसे चालून जाते. प्रत्यक्षात जांघ सपाट नसते. एका बाजूला जघनास्थीचे हाड, दुसऱ्या बाजूला मांडीची घडी, आणि त्यात गादी मध्यभागी फुगीर. दाब मध्ये आणि हाडावर साठतो. कातडी लाल होते ती तिथे.

मोठी गादी लावली तर? दाब पसरेल, हे खरे. पण चालताना प्रत्येक पावलाला मांडी तिला वर ढकलेल आणि ती जागा सोडेल.

पट्टा मोजून पाहिला तेव्हा

विमान प्रवासात बॅग तोलायचा एक छोटा डिजिटल काटा मिळतो. तो मी गादीला अडकवला. गादीखाली बनियनवर कागदाची पट्टी सरकवली आणि काटा बाहेर ओढला. कागद ज्या क्षणी सुटा होतो, त्या क्षणी काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे गादीचा जोर. प्रयोगशाळेला हसू येईल अशी पद्धत आहे, पण कल्पना येते.

सकाळी मामांनी नेहमीप्रमाणे पट्टा बांधला तेव्हा आकडा आला ६०० ग्रॅम. मामा दोन-चार वेळा जमिनीवर बसून उठले, जेवले, अंगणात फिरून आले. दुपारी तोच आकडा ३५० वर आला होता. इलॅस्टिक सैल पडले होते आणि वेल्क्रो अर्धा इंच सरकला होता. मामांनी रागाने ओढून बांधला तर १ किलो ४०० ग्रॅम! आणि या तिन्ही वेळा मामांच्या मते पट्टा ‘बरोबरच’ बांधलेला होता. हाताला घट्टपणाचा अंदाज येत नाही, हा मामांचा दोष नाही. गाडीच्या चाकातली हवाही आपण बोटाने दाबून ठरवत नाही.

दुसरी गोष्ट इलॅस्टिकची. चड्डीचे इलॅस्टिक आणि चामड्याचा कमरपट्टा आठवा. इलॅस्टिक सतत सारखेच आवळते, पोट पुढे आले तरी त्याचा जोर फारसा वाढत नाही. चामड्याचा पट्टा एरवी शांत असतो. भरपेट जेवलात की मगच तो आडवा येतो. हर्नियाला हा दुसरा स्वभाव हवा आहे. एरवी त्वचेला मोकळीक आणि पोटाने ढकलले की ठाम अडवणूक. बाजारात मात्र बहुतेक पट्टे इलॅस्टिकचे, कारण ते दुकानात घालून पाहताना मऊ लागतात आणि चार मापांत सगळी गिऱ्हाइके बसवता येतात. माप कमरेचे घेतात. भोक कुठे आहे, केवढे आहे, याचे माप कोणी विचारत नाही.

मग मी काय बदलले असते?

माझ्या मते तीन गोष्टी वेगवेगळ्या जुळवता यायला हव्यात आणि आज त्या एकाच वेल्क्रोत कोंबल्या आहेत. पहिली, गादीची जागा. ती पट्ट्यावर सरकवून डॉक्टरांसमोर एकदा नेमकी बसवायची आणि स्क्रूने पक्की करायची. रोज सकाळी अंदाजाने नाही. दुसरी, पट्ट्याची लांबी. ती न ताणणाऱ्या निवारपट्टीची असावी आणि तिच्यावर आकडे छापलेले असावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जोर. सायकलच्या सीटखाली एक खटका असतो, तो फिरवला की आवळते आणि उलटा केला की सैल. तसा दोन खाचांचा खटका पट्ट्याला हवा. बसताना, गाडीवर असताना सैल खाच. उभ्याने काम, जिना किंवा खोकल्याची उबळ असेल तर घट्ट. गादीमागे एक छोटी स्प्रिंग आणि तिच्यासोबत सरकणारी हिरवी-लाल खूण असली, तर जोर किती हे डोळ्यांना दिसेल. यात बॅटरी नाही, ॲप नाही. फिटरच्या हाताला जमेल एवढेच काम.

गाडीच्या सीटबेल्टची कल्पनाही मला भुरळ घालत होती. हळू ओढला तर सुटतो, झटका बसला की अडकतो. खोकल्यासाठी ते छान. पण पोते उचलताना पोटातला दाब झटक्याने नव्हे, चढत जाऊन टिकतो. तिथे ही युक्ती फसते. शिवाय ते रीळ कमरेला बांधून कोण फिरणार?

गादीचा आकार हा मात्र वादाचा भाग नाही. टोकदार, घुमटासारखी गादी भोकातच शिरून ते रुंदावू शकते. ती सपाटच हवी. पुरुषांमध्ये वृषणाकडे जाणारी नाडीही याच वाटेने जाते, तिच्यावर सतत दाब येणे धोक्याचे आहे.

एवढी साधी गोष्ट आजवर झाली का नाही?

एके काळी पट्ट्यांवर बरेच डोके चालले होते. लंडनमध्ये १८०७ साली गरीब रुग्णांना पट्टे पुरवण्यासाठी एक स्वतंत्र संस्थाच निघाली, ‘सिटी ऑफ लंडन ट्रस सोसायटी’ नावाची. तेव्हा पोलादी स्प्रिंगचे, चामड्याने मढवलेले पट्टे बनत, कारण दुसरा उपाय जवळपास नव्हता. पुढे १८८० च्या दशकात इटलीच्या एडोआर्डो बासिनी यांनी जांघेच्या हर्नियाची भरवशाची शस्त्रक्रिया रूढ केली. विसाव्या शतकात प्लास्टिकच्या धाग्याची जाळी बसवण्याचे तंत्र आले आणि पट्टा हा शल्यचिकित्सकांच्या दृष्टीने अडगळीचा विषय झाला. ते योग्यही होते. पण रुग्णांनी पट्टा कधी सोडलाच नाही. तो फक्त डॉक्टरांच्या नजरेतून उतरून ऑनलाइन दुकानात गेला. नियमांच्या दृष्टीनेही तो सर्वांत कमी जोखमीच्या उपकरणांत मोडतो. त्यामुळे गादीचा जोर किती हे छापण्याची वेळ उत्पादकावर येत नाही.

स्वस्त म्हणजे दुर्लक्षित, असे असायलाच हवे असे नाही. याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड वापरण्याचा मार्ग दाखवला. २००३ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अनेक केंद्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची आणि कंपनीच्या जाळीची रीतसर तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, दुसऱ्या गटात कोणाचाच नाही. गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे. मच्छरदाणीच्या कापडाला जी चाचणी मिळाली, ती कमरेच्या पट्ट्याला का मिळू नये?

चांगला पट्टा हाच धोका नाही का?

ज्या शल्यचिकित्सकांना मी माझे कागदावरचे रेखाटन दाखवले, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. आरामदायी पट्टा मिळाला तर माणूस शस्त्रक्रिया आणखी लांबवेल. हा आक्षेप मला पूर्ण खोडता आलेला नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ७२० पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रास नगण्य असलेल्यांनी वाट पाहिली तर आतडे अडकण्याचा प्रसंग हजारात वर्षाला दोघांवरही आला नाही. पण वाट पाहणाऱ्यांपैकी दहा वर्षांत दोन तृतीयांश जण शेवटी शस्त्रक्रियेकडे वळले, बहुतेक दुखते म्हणून. शिवाय हे आकडे किरकोळ त्रास असलेल्या पुरुषांचे आहेत. स्त्रियांमध्ये अधिक आढळणारा मांडीच्या मुळाशी येणारा हर्निया लवकर अडकतो. त्याला पट्टा हा उपायच नाही.

तरीही मी पट्ट्याच्या बाजूने आहे. मामांसारखी माणसे वाट पाहणारच आहेत, हंगामासाठी, पैशांसाठी, घरी कोणी नाही म्हणून. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने वजन उचलता येणार नाही ही भीतीही त्यामागे असते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र, त्रास होत नसेल तर नेहमीच्या हालचाली लवकर सुरू करा, असे सांगतात. पोती उचलण्याचे काम कधीपासून करायचे हे आपल्या शल्यचिकित्सकांनाच विचारावे. पण विचारावे जरूर. त्या एका उत्तरासाठी अनेकांची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे अडलेली असते.

सध्या जे पट्टा वापरत आहेत त्यांच्यासाठी एवढेच. गाठ आत जात नसेल तर पट्टा बांधूच नका. बांधायचा तो उताणे झोपून, गाठ आत गेल्यावर, उठण्याआधी. रात्री काढून ठेवा. गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या होऊ लागल्या, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा.

मामांची शस्त्रक्रिया जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरली आहे. तोवर पोती उचलायची नाहीत, काट्यावर वजने लिहायची, असे मुकादमाशी बोलून झाले आहे. जुन्याच पट्ट्याला मी न ताणणारी पट्टी शिवून घेतली आणि तिच्यावर लाल पेनने दोन रेघा मारल्या, एक बसायची, एक उभे राहायची. मामी रोज संध्याकाळी कातडी बघतात. परवा मामांचा फोन आला होता. उभे राहायची रेघ घामाने पुसली गेली आहे, आणखी ठळक मारून दे म्हणाले.