कावड कुणासाठी?

काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड पैठणच्या एकनाथ महाराजांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत सांगितली जाते. सोबतचे यात्रेकरू हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला. त्या पैठणपासून छत्रपती संभाजीनगर अवघे पन्नास किलोमीटर. गंगेच्या पाण्यातील एका वैज्ञानिक ठेव्याबाबत आज आपले वर्तन नाथांसारखे आहे की त्या हळहळणाऱ्या यात्रेकरूंसारखे, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

१८९६ साली आग्रा येथे काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या इंग्रज जीवाणुशास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू टिकत नाहीत. पाणी उकळले की मात्र हा गुण नाहीसा होतो, असे ते निरीक्षण होते. पुढे १९१७ मध्ये पॅरिसमध्येच फेलिक्स डिएरेल यांनी जीवाणूंना गिळणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफेज’ असे नाव दिले. हा फेज जीवाणूला चिकटतो, आपली जनुके त्याच्या आत सोडतो, तिथेच आपली पिलावळ वाढवतो आणि शेवटी जीवाणूला फोडून बाहेर पडतो. प्रत्येक फेजचे भक्ष्य ठरलेले असते. माणसाच्या पेशींना तो संसर्ग करत नाही.

आज हँकिनचे नाव व्यासपीठांवरून वारंवार घेतले जाते आणि टाळ्याही पडतात. पण टाळ्यांनंतर पुढे काय? हँकिनला दिसले ते फेजच होते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय फेज गंगेतच असतात असे नाही. प्रत्येक नदीत, प्रत्येक नाल्यात, संभाजीनगरच्या खाम नदीतही ते असतात. जिथे जीवाणू, तिथे त्याचा काळ! गंगेची थोरवी सिद्ध करायला कुणा हँकिनच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. आणि तिचे पाणी बाटलीत भरून औषध म्हणून कुणी पाजू लागला, तर ती श्रद्धा नव्हे, अविचार आहे. कारण त्याच प्रवाहात आपण शहरांची घाण सोडली आहे. दुसरीकडे ‘गंगाजल’ हा शब्द कानी पडताच नाक मुरडणारे विद्वानही कमी दोषी नाहीत. एकाने पूजा केली, दुसऱ्याने थट्टा केली. प्रयोग करायचे दोघांनीही टाळले.

प्रयोग या भूमीवर झालेच नाहीत, असे मात्र नाही. १९२७ ते १९३६ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पटकीवर फेजच्या उपायाची रीतसर चौकशी झाली. स्वतः डिएरेल इथे येऊन गेले. आसामातील नौगाव भागात लोकांना फेज देण्यात आले. पुढे प्रतिजैविके आली आणि हा अध्याय बासनात गेला. पण १९२३ साली स्थापन झालेली जॉर्जियातील तिबिलिसीची एलियावा संस्था आपल्या मार्गावरून ढळली नाही. तिचे संस्थापक गिओर्गी एलियावा यांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने मृत्युदंड दिला, तरीही संस्था जगली. आज सर्व प्रतिजैविके थकल्यावर भारतातले रुग्णही व्हिसा काढून त्या चिमुकल्या देशाच्या दारी जातात. ज्या देशात हे प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झाले, त्याच्या लेकरांनी औषधासाठी परदेशी जावे, याहून मोठी आत्मविस्मृती ती कोणती?

हा प्रश्न अस्मितेपुरता नाही, जिवाचा आहे. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झालेले भारतातील मृत्यू सुमारे तीन लाख होते. याला आपणही जबाबदार आहोत. साध्या सर्दीला दुकानातून प्रतिजैविक आणायचे, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या, पुढच्या वेळी त्या शेजाऱ्याला द्यायच्या, हे सुशिक्षित घरांतच चालते. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिनसारखे अखेरचे अस्त्र मिसळले जात होते. त्यावर बंदी आली ती २०१९ मध्ये.

भारतात गुणवत्ता नाही, असे म्हणावे तर संभाजीनगरच त्याचे उत्तर देते. येथील चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वोक्हार्टचे संशोधन केंद्र आहे. याच कंपनीच्या नॅफिथ्रोमायसिन या न्यूमोनियावरील प्रतिजैविकाची घोषणा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये केली. सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार त्यामागे चौदा वर्षे आणि ५०० कोटी रुपये खर्ची पडले. हे यश अभिमानास्पद आहेच. पण एका औषधाला चौदा वर्षे लागतात आणि जीवाणू कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून प्रतिजैविकाच्या जोडीला दुसरा शिपाई उभा करावा लागेल.

त्याची तयारीही देशात आहे. नागपूरच्या ‘नीरी’मध्ये डॉ. कृष्णा खैरनार यांनी गंगेतील फेजवर शास्त्रीय काम केले आहे. कोविडकाळात मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून चाचणीची सोपी पद्धत देणारे शास्त्रज्ञ तेच. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. गोपाल नाथ आणि सहकाऱ्यांनी न भरणाऱ्या जुनाट जखमांच्या वीस रुग्णांवर फेज वापरून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. फेज म्हणजे रामबाण नव्हे. भाजलेल्या रुग्णांवरील ‘फॅगोबर्न’ या युरोपीय चाचणीत ते नेहमीच्या मलमापेक्षा मागे पडले, कारण मात्राच अपुरी राहिली होती. तरीही बेल्जियमने रुग्णागणिक फेज तयार करून देण्याचा कायदेशीर मार्ग काढला. तेथील पुढाकाराने उपचार झालेल्या पहिल्या शंभर प्रकरणांचा अहवाल २०२४ मध्ये आला. सुमारे ७७ टक्के प्रकरणांत प्रकृती सुधारली होती. बहुतेकांना सोबत प्रतिजैविकेही दिली होती, हेही लक्षात ठेवावे.

मग अडते कुठे? निसर्गात फुकट मिळणाऱ्या फेजवर एकस्वाचा हक्क मिळवणे कठीण. त्यामुळे कंपन्यांना त्यात नफा दिसत नाही. जिथे बाजार पाठ फिरवतो, तिथे समाजाने आणि शासनाने पुढे व्हायचे असते. संभाजीनगरात मराठवाडाभरातून रुग्ण येणारे ‘घाटी’ रुग्णालय आहे, विद्यापीठ आहे, औषध उद्योग आहे, आणि दुर्दैवाने सांडपाण्याने भरलेली खामही आहे. चिवट जीवाणूंचे नमुने रुग्णालयाने द्यावेत, त्यांचे वैरी विद्यापीठाने नाल्यातून शोधावेत, शुद्ध स्वरूपात ते उद्योगाने घडवावेत आणि मरणासन्न रुग्णाला ते कोणत्या नियमाखाली देता येतील, हे केंद्राने स्पष्ट करावे. अशी फेजपेढी मराठवाड्यात उभी राहणे अशक्य नाही. लागते ती इच्छाशक्ती.

गंगेची कावड खांद्यावर घेऊन मिरवणे सोपे आहे. नाथांनी ती उतरवली, झाकण काढले आणि पाणी तडफडणाऱ्या जिवाला पाजले. अतिदक्षता विभागात सारी प्रतिजैविके हरल्यावर डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहणारे कुटुंब आज त्याच वाळवंटात उभे आहे. आपली कावड अजून खांद्यावरच आहे.