फलकावर न छापलेला अर्धा उजेड

वडपे फाट्यावर या आठवड्यात मोबाइलचा नवा फलक लागलाय. पडदा किती प्रखर, एवढाच आकडा त्यावर मोठ्या अक्षरांत. बहुतेक ओएलईडी पडद्यांत तयार झालेला निम्म्याहून जास्त प्रकाश बाहेर पोचतच नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. उन्हाची चमक मारायला काचेखाली ध्रुवक गाळणी बसवतात. ती आतला उजेडही गिळते. मग प्रखरता वाढवायची म्हणजे बॅटरी जाळायची. मला याचा राग येतो, कारण यावरचा इलाज रसायनशास्त्रज्ञ शोधताहेत आणि त्याची दखल कुणी घेत नाही.

सुताला एस पीळ की झेड पीळ, हे भिवंडीत कुणाला शिकवायला नको. प्रकाशालाही तसा डावा-उजवा पीळ असतो आणि ही गाळणी एकाच पिळाचा प्रकाश सोडते. प्रकाश देणाऱ्या रेणूनेच नेमका तो पीळ दिला, तर गाळणीत वाया काही जाणार नाही.

साध्या किरल, म्हणजे डावं-उजवं रूप असलेल्या, सेंद्रिय रेणूंचा एका पिळाकडचा कल मात्र फार क्षीण. दोन पिळांतला फरक सांगणारा असमतेचा अंक 0.001 धरला, तर लाख फोटॉनांत 50,025 एका पिळाचे आणि 49,975 दुसऱ्या. फरक अवघा 50. जपानच्या हिरोयुकी इसोबे यांच्या गटाने बेंझिनच्या कड्यांचे चार क्रायसीन रेणू जोडून नळीच्या तुकड्यासारखं ताठ वलय बांधलं. 2017 मध्ये त्याचा अंक 0.15 च्या आसपास निघाला, म्हणजे 53,750 विरुद्ध 46,250. फरक 7,500! धातूचा एक अणू नाही, फक्त कार्बन आणि हायड्रोजन. वलय बंद असल्याने इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती फिरतात, रेणूचा चुंबकीय प्रतिसाद वाढतो आणि तो विद्युत प्रतिसादाच्या रेषेत येतो. किमया आकाराची आहे.

असं वलय बांधणं सोपं नाही. बेंझिनला सपाट राहायचं असतं. 2008 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रमेश जस्ती आणि कॅरोलिन बर्टोझी यांनी आधी वाकडे तुकडे घेऊन वलय जुळवलं, बेंझिन शेवटी घडवलं. किरल वलयांत तर डावी-उजवी रूपं वेगळी करण्याचं काम पुन्हा उरतंच.

पडद्यासाठी 0.15 पुरत नाही. अंकाची कमाल मर्यादा 2 आहे. काम बाकी आहे, आणि ते करणारे हात आपल्याकडे आहेत. पवईच्या आयआयटीत एम. रविकांत आणि पुण्याच्या आयसरमध्ये व्ही. जी. आनंद यांचे गट पॉर्फिरिन या वलयाकार रेणूच्या कुळातली वलयं वर्षानुवर्षं बांधताहेत. तळेगावला होऊ घातलेला चिपचा प्रकल्प 2022 मध्ये गुजरातला गेला, तेव्हा मी इथे लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो: आपल्या तालुक्याने गोदामांवर समाधान मानू नये. भिवंडीच्या महाविद्यालयांनी रसायनशास्त्राची मुलं या प्रयोगशाळा पाहायला न्यावीत. पवई इथून दूर नाही.