पेनड्राइव्ह उघडत नाही? लगेच ‘फॉरमॅट’ दाबू नका!

झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान टाकताय? मग हे नेहमीचंच होणार. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देतं आणि कॉम्प्युटर म्हणतो, ‘आधी फॉरमॅट करा’. माझं मत स्पष्ट आहे: गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही. आत कुणाचा प्रोजेक्ट असतो, तर कुणाचा वर्षभराचा हिशोब.

आधी पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावा, कारण पुढच्या पोर्टची आतली वायर सैल झालेली असू शकते. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. पेनड्राइव्ह दिसतच नसेल तर विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे ड्राइव्ह आहे पण त्याला अक्षर नाही, असं असेल तर राइट क्लिक करून अक्षर द्या. डेटाला धक्का लागत नाही. सीडी असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

तरीही उघडलं नाही तर सरळ सांगा, ‘हे डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या’, आणि पैसे घेऊ नका. दहा रुपयांची प्रिंट गेली तर जाऊ द्या, गिऱ्हाईक परत येईल.

हा नियम लिहून काउंटरमागे चिकटवा. कामावरच्या मुलालाही तो माहीत हवा.