तीन तालुक्यांनी दाद कुठे मागायची?

गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ. त्यांपैकी गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे पाच भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात मोडतात. उरलेले आमगाव, सालेकसा आणि देवरी हे तीन तालुके गडचिरोली-चिमूर मतदारसंघाला जोडलेले आहेत. 2009 च्या निवडणुकीपासून हे असेच चालले आहे. गडचिरोली-चिमूर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरला आहे. एका टोकाला छत्तीसगडच्या सीमेवरचे सालेकसा, तर दुसऱ्या टोकाला तेलंगणाच्या सीमेवरचे सिरोंचा. मधल्या पट्ट्यात जंगल, नद्या आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. एका माणसाने कितीही धावपळ केली, तरी एवढ्या मुलुखाची नीट खबरबात ठेवणे त्याला अवघड जाणार.

आजच्या खासदारांवर किंवा कोणा एका पक्षावर ठपका ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. 2009 पासून दोन्ही मतदारसंघांत मिळून काँग्रेस, राष्ट्रवादी आणि भाजप अशा सर्वच पक्षांचे खासदार येऊन गेले. 2024 मध्ये भंडारा-गोंदियातून डॉ. प्रशांत पडोळे, तर गडचिरोली-चिमूरमधून डॉ. नामदेव किरसान निवडून आले. राज्यसभेत गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल आहेत. म्हणजे संसदेत या जिल्ह्यासाठी बोलू शकतील अशी तीन माणसे आहेत. तरीही खासदार आणि मतदार यांच्यातला संवाद दर वर्षी क्षीण होतो आहे, आणि त्याची पहिली झळ त्या तीन तालुक्यांना बसते आहे. ही धोक्याची घंटा आज ऐकली नाही, तर येत्या काही वर्षांत ती ऐकूनही उपयोग होणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी धानाची गोष्ट. हा धानाचा जिल्हा. दिवाळी सरली की आधारभूत खरेदी केंद्रांपुढे कट्ट्यांच्या थप्प्या लागतात. सातबारा घेऊन ऑनलाईन नोंदणी करायची, नंबर येईपर्यंत थांबायचे. बारदाना संपला की काटा बंद. गोदाम भरले की पुन्हा काटा बंद. अवकाळी पावसाचे ढग दिसले की ताडपत्रीसाठी धावाधाव. माल मोजून झाला की चुकाऱ्याची वाट पाहणे सुरू होते आणि सोसायटीचे कर्ज तोवर डोक्यावर असते. शेतकऱ्याचे प्रश्न साधे असतात. उद्दिष्ट वाढणार का? बोनस मिळणार का? चुकारे कधी पडणार? उत्तर मात्र कोणीच पूर्ण देत नाही. केंद्रावरचा ग्रेडर जिल्हा कार्यालयाकडे बोट दाखवतो, जिल्हा कार्यालय मुंबईकडे आणि मुंबई दिल्लीकडे.

यातले दिल्लीचे काय आणि मुंबईचे काय, हे गावात येऊन कोणी तरी समजावून सांगायला हवे. हमीभाव केंद्र सरकार ठरवते. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे 2,369 रुपये जाहीर झाले. भरडाईनंतरचा तांदूळ केंद्राच्या साठ्यासाठी किती घ्यायचा, याचाही निर्णय दिल्लीशी बांधलेला असतो. बोनस किंवा प्रोत्साहनपर रक्कम राज्य देते. 2023-24 च्या हंगामासाठी ती हेक्टरी 20 हजार रुपये आणि दोन हेक्टरपर्यंत अशी होती. कृषिमूल्य आयोग केंद्राला शिफारस करतो, तेव्हा रोवणीची मजुरी, खत आणि तुडतुड्यावरच्या फवारणीचा आपल्या बांध्यांतला खरा खर्च त्याच्यापुढे ठेवणे, हे खासदाराचे काम आहे. त्यासाठी खासदाराला तो खर्च आधी गावातून कळायला हवा. पेरणीआधी तो विचारायला कोण येतो? निवेदन घेताना काढलेले फोटो भरपूर आहेत. त्या निवेदनाचे पुढे काय झाले, हे मात्र निवेदन देणाऱ्यालाही कळत नाही.

खासदाराचे काम म्हणजे सभामंडप, नाली, सिमेंट रस्ता आणि हायमास्ट दिवा, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. हा समज मतदारांनी एकट्याने करून घेतलेला नाही. डिसेंबर 1993 मध्ये खासदार निधीची योजना आली. तेव्हा रक्कम पाच लाख होती, 2011-12 पासून ती वर्षाला पाच कोटी झाली. निधी वाढला तशी खासदाराची ओळखही बदलली. भंडारा-गोंदियात 18 लाखांहून अधिक मतदार आहेत. पाच कोटींना त्या संख्येने भागले तर एका मतदारामागे वर्षाला तीस रुपयेसुद्धा येत नाहीत. एवढ्या पैशावरून खासदाराचे मोल ठरवायचे असेल, तर आपण त्याला एक मोठा सरपंच करून ठेवला आहे आणि लोकसभेचे काम बेवारस सोडले आहे. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या आयोगाने 2002 मध्ये आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 मध्ये ही योजना बंद करण्याची शिफारस केली होती. ती कोणत्याच सरकारने मानली नाही. योजना राहणारच असेल, तर निदान तिचा गावनिहाय हिशेब मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. पोर्टलवर माहिती आहे, असे उत्तर देऊन चालणार नाही. सालेकसा तालुक्यातल्या दरेकशाच्या घाटात मोबाइलला रेंज धरून ठेवणेही कठीण जाते.

संसदेतच बोलायला वेळ कमी मिळतो, हेही मान्य करायला हवे. पहिल्या लोकसभेच्या 677 बैठका झाल्या होत्या. 2019 ते 2024 या सतराव्या लोकसभेच्या बैठका 274 भरल्या, आणि मुदत पूर्ण केलेल्या लोकसभांमधला हा नीचांक आहे. नवख्या खासदाराच्या वाट्याला शून्य प्रहरातली दोन-तीन मिनिटे, नियम 377 खालचे एखादे निवेदन आणि लेखी प्रश्न येतात. पण लेखी प्रश्न हे फार मोठे हत्यार आहे. मंत्र्याला त्याचे उत्तर द्यावेच लागते आणि ते उत्तर कायमचे नोंदीत राहते. नागपूर-गोंदिया-बिलासपूर मार्गावर मालगाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या का थांबवल्या जातात? बिरसी विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचे काय झाले? देवरी-सालेकशातले किती सामूहिक वनहक्क दावे अजून पडून आहेत? असे प्रश्न विचारले जायला हवेत. विचारले जात असतील तर त्यांची उत्तरे लोकांपर्यंत पोहोचायला हवीत. लोकसभेच्या संकेतस्थळावर ही उत्तरे इंग्रजीत आणि हिंदीत असतात. त्यांचे मराठी करून ती तालुक्याला पाठवण्याची तसदी खासदाराच्या कार्यालयाने घ्यायला नको का?

त्यासाठी सोय केलेली आहे. 1 एप्रिल 2023 पासून खासदारांना कार्यालयीन खर्चापोटी महिन्याला 75 हजार रुपये मिळतात. त्यातले 50 हजार संगणक जाणणाऱ्या सहायकासाठी आणि 25 हजार कागद, टपाल अशा खर्चासाठी असतात. मतदारसंघ भत्ता महिन्याला 87 हजार रुपये आहे, तो वेगळा. हा पैसा लोकांचा आहे आणि लोकांशी संपर्क ठेवण्यासाठीच दिला जातो. त्यातून वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक आणि हार-तुऱ्यांच्या चित्रफितीच निघणार असतील, तर तो हेतू वाया गेला म्हणायचे. चित्रफीत पाहता येते, तिला प्रश्न विचारता येत नाही. ब्रिटनमध्ये खासदार ठरलेल्या दिवशी मतदारसंघात बसतात आणि आलेल्या प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकतात. आपल्याला तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. राम नाईक उत्तर मुंबईचे खासदार असताना दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. राजापूरचे मधु दंडवते 1971 पासून सलग पाचदा निवडून आले. त्यांनी कोकण रेल्वेचा प्रश्न संसदेत लावून धरला आणि त्या प्रश्नाची सद्यस्थिती ते कोकणातल्या माणसाला सांगत राहिले. दोघांचे पक्ष वेगळे, विचार वेगळे, पण मतदाराला उत्तर देण्याची शिस्त दोघांकडेही होती.

जिल्ह्यात संवादाची एक सरकारी जागाही आहे, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणारी जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती, जिला सगळे ‘दिशा’ समिती म्हणतात, ती 2016 मध्ये आली. तिचा अध्यक्ष खासदार असतो, दुसरे खासदार सहअध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. दर तीन महिन्यांनी तिची बैठक व्हावी, असा दंडक आहे. रोजगार हमी, घरकुल, जलजीवन, ग्रामसडक, मध्यान्ह भोजन या सगळ्यांचा आढावा तिथे घेता येतो आणि अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब विचारता येतो. जिल्हा दोन मतदारसंघांत विभागलेला असताना दोन्ही खासदार एका टेबलावर येण्याची ही एकमेव ठरलेली जागा. तिचे इतिवृत्त प्रत्येक पंचायत समितीत लावा, मागच्या बैठकीतल्या किती सूचनांवर कार्यवाही झाली ते पुढच्या बैठकीआधी जाहीर करा, आणि वर्षातली एक बैठक देवरीत किंवा सालेकशात घ्या, अशी आमची मागणी आहे. पालकमंत्री जिल्ह्याबाहेरचा असण्याची या जिल्ह्याला सवय झाली आहे. खासदारांनीही पाठ फिरवली, तर अधिकाऱ्यांना विचारणारे कोणी उरणार नाही.

सालेकसा, देवरी आणि आमगावच्या मतदाराने आपले कर्तव्य कधी चुकवलेले नाही. 2024 मध्ये गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे 72 टक्के मतदान झाले. राज्यात ते सर्वाधिक होते. सुरक्षेच्या कारणावरून आमगावात आणि अर्जुनी मोरगावात मतदानाची वेळ दुपारी तीनलाच संपली, तरी लोकांनी सकाळपासून रांगा लावल्या. याच परिसराने भंडाऱ्याच्या 1954 च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रचार पाहिला आणि अशोक मेहतांसारखा अर्थशास्त्राचा जाणकार लोकसभेत पाठवला. डिसेंबर 2017 मध्ये तेव्हाचे खासदार नाना पटोले यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून राजीनामा दिला आणि मे 2018 अखेर पोटनिवडणुकीचा निकाल लागेपर्यंत भंडारा-गोंदियाला लोकसभेत प्रतिनिधीच नव्हता. मधला सगळा काळ खासदाराविना गेला. मतदारांनी तेही सोसले. गावात येऊन दिल्लीचे बोलणारा माणूस त्यांना हवा आहे, आणि ती मागणी फार मोठी नाही.

आता त्या धोक्याकडे येऊ. जनगणनेची अधिसूचना जून 2025 मध्ये निघाली आणि तिचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लोकसभेच्या जागांचे वाटप गोठवून ठेवण्याची तरतूद संविधानात आहे. ती मुदत आता संपत आली आहे. म्हणजे मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या जाण्याची वेळ जवळ आली आहे. मागच्या वेळी न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या आणि जाहीर सुनावण्याही घेतल्या होत्या. आपल्या राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार त्यात सहयोगी सदस्य होते. ज्या भागांनी कागद तयार ठेवले, त्यांचे म्हणणे तिथे नोंदले गेले. जे गप्प राहिले, त्यांच्या तालुक्यांचे भवितव्य नकाशावरच्या रेघेने ठरवले. आणि ही रेघ एकदा पडली की वर्षानुवर्षे पुसता येत नाही.

गोंदिया जिल्हा पुढच्या वेळीही दोन तुकड्यांत राहणार का? आमगाव-देवरी-सालेकसा हे तालुके जिल्ह्यातल्या मतदारसंघात यावेत का? की आदिवासी पट्टा म्हणून गडचिरोलीबरोबर राहण्यातच तिथल्या लोकांचे हित आहे? याला दोन्ही बाजू आहेत. राखीव मतदारसंघातून आदिवासी प्रतिनिधी निवडून येण्याचा हक्क हलका समजता येणार नाही. म्हणूनच उत्तर त्या तीन तालुक्यांतूनच आले पाहिजे, आणि ते घेऊन येण्याची जबाबदारी दोन्ही खासदारांची आहे. या विषयावर तिथे एक तरी जाहीर सभा त्यांनी घ्यावी. लोकांचे म्हणणे हिंदीत, मराठीत आणि गोंडीतही ऐकून घ्यावे.

ग्रामसभांना आमची विनंती आहे की त्यांनी खासदारांच्या येण्याची वाट पाहू नये. येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. पहिला, आपला तालुका कोणत्या लोकसभा मतदारसंघात असावा आणि का, याबद्दल गावाचे मत. दुसरा, गेल्या वर्षात संसदेत आपल्या भागाबद्दल कोणते प्रश्न विचारले आणि काय उत्तरे मिळाली, त्याचा मराठी अहवाल खासदारांनी ग्रामपंचायतीला पाठवावा, ही मागणी. दोन्ही ठरावांच्या प्रती खासदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि दिशा समितीला पाठवा आणि पोच मागून घ्या.