पहिली गुंतवणूक : न केलेली सही

बाईने घर घ्यावं, असं सध्या सगळ्यांनाच वाटू लागलं आहे. बिल्डरच्या जाहिरातीत किल्ली बाईच्या हातात असते. काही बँका बाईच्या नावावरच्या गृहकर्जाला व्याजात थोडी सूट देतात. बचतगटाच्या मेळाव्यात एजंट येतात आणि ‘ताई, सोनं काय घेता, प्लॉट घ्या’ असं सांगून जातात. जमीनजुमल्यात पहिल्यांदाच पैसे घालणाऱ्यांसाठी व्याख्यानं होतात. नवा रस्ता कुठून जाणार, भाव किती चढणार, भाडं किती सुटणार, हे सगळं त्यात असतं. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. बाईच्या नावावरचं घर विकायचं की ठेवायचं, हे ठरवणार कोण?

हा प्रश्न बाजूला ठेवून दिलेला सल्ला बाईच्या उपयोगाचा नाही. तो घरातल्या पुरुषाला दिलेला सल्ला आहे, बाईचं नाव फक्त सवलतीपुरतं.

सवलतीचाच इतिहास पाहा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्र सरकारने फक्त स्त्रीच्या नावे घेतलेल्या निवासी घराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट दिली. सोबत अट होती : असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. म्हणजे बाईचं नाव लावून लगेच घर पुरुषाकडे वळवलं जाईल, अशी भीती सरकारलाही होती. २०२३ मध्ये अट काढली, सूट राहिली. बाईला मालकीण म्हणायचं आणि विकायला बंदी करायची, हे चुकीचंच होतं. अट गेली ते बरंच झालं. पण ज्या भीतीपोटी ती घातली, ती भीती काही खोटी नव्हती. तिच्यावर दुसरा कोणताही उपाय झाला नाही.

आमच्या सल्लाकेंद्रात येणाऱ्या नोकरदार बायकांची कहाणी बहुतेक एकाच साच्याची असते. त्याच्या पगारातून घराचा हप्ता, तिच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासूचं औषध. दोघं मिळूनच संसार चालतो. तंटा झाला की तो बँकेचं पासबुक काढून दाखवतो, दरमहा हप्ता त्याच्याच खात्यातून गेलेला असतो. तिने दहा वर्षं आणलेल्या तांदळाची आणि डाळीची पावती कुठे असते? तिच्या पैशाने घर चाललं, त्याच्या पैशाने घर झालं.

दुसरा साचा याहून वाईट. बँकेच्या कागदावर ती सहकर्जदार, खरेदीखतावर मात्र तिचं नाव नाही. मालकी त्याची, कर्ज दोघांचं. तो हप्ते भरायचा थांबला की बँक पूर्ण रकमेसाठी तिच्या दारात येऊ शकते. तिसऱ्या साच्यात नाव तिचंच, पण कुलमुखत्यारपत्र दिराला किंवा नवऱ्याला दिलेलं. ‘तुला कचेरीच्या खेपा नकोत’ या प्रेमळ शब्दांत ते घेतलेलं असतं.

आणि पैसे पूर्ण नवऱ्याचे, नाव तिचं, असं असेल तर? उघड उत्पन्नातून नवऱ्याने बायकोच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी धरायची नाही, असं बेनामी व्यवहारांच्या कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीने म्हटलं आहे. ही सोय त्याची आहे. उद्या ‘नाव नुसतं लावलं होतं, घर माझंच’ असं म्हणत तो कोर्टात उभा राहू शकतो.

म्हणून मैत्रिणींनो, घर घेताना पहिला हिशेब भावाचा नको. खरेदीखतावर माझं नाव आहे का, किती हिश्श्याचं? माझ्या खात्यातून दरमहा काही रक्कम, थोडी का होईना, थेट हप्त्यात जाते का? मूळ कागद कुणाच्या कपाटात आहेत? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पेन उचलू नका.

पण याच्याही आधीची एक गोष्ट आहे. ‘आमच्याकडे गुंतवायला पैसा कुठाय?’ असं बहुतेक जणी म्हणतात. पैसा नसेलही. हिस्सा मात्र अनेकींकडे आहे, आणि तो त्या फुकट देऊन टाकत आहेत. वडील वारले की वर्षभरात भाऊ घरी येतो, साडीचोळी देतो आणि तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातो. ‘फक्त सही आहे गं, नाव कमी करायचंय.’ त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. नोंदणी झालेला असा कागद नंतर रद्द करून घ्यायचा, तर कोर्टात वर्षं जातात.

हा हक्क काही आकाशातून पडलेला नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतका वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद पुसला. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. बौद्ध, जैन आणि शीख बहिणींनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम बहिणीला भावाच्या निम्मा वाटा मिळतो. ख्रिस्ती बहिणीला मृत्युपत्र नसेल तर भावाइतका. तो निम्मा वाटाही तिच्या हातात क्वचितच पडतो, हे सांगायला नको.

‘माहेर तुटेल’ ही भीती मला ठाऊक आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. भाऊबीज, बाळंतपण, आजारपण, बाईला माहेर लागतंच. पण नवऱ्याने टाकलेली बाई मुलांना घेऊन माहेरी जाते तेव्हा काय होतं, तेही आम्ही रोज पाहतो. ‘चार दिवस राहा, मग बघू,’ असं तिला ऐकावं लागतं. जिने सही करून सगळं देऊन टाकलं, तिलाही. हक्क सोडल्याने माहेर टिकतं, असा अनुभव नाही. भावाची खरोखर ओढाताण असेल आणि तुम्हाला द्यायचंच असेल, तर जरूर द्या. मात्र आधी सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर आपलं नाव लावून घ्या, हिश्श्याची किंमत माहीत करून घ्या, मग ठरवा. माहीत असून दिलं तर ते देणं. न सांगता घेतलं तर ती लूट.

ज्या खरंच विकत घेणार आहेत, त्यांच्यासाठीही चार गोष्टी. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. नोंदणीकृत साठेखत केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. २०१६ चा कायदाच तसं सांगतो. दर चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर, काढायला लावा. आणि शहराबाहेरच्या ‘गुंठ्या’च्या मोहात बचतगटाचा पैसा घालू नका. शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते आणि तिचे मनाजोगे तुकडे पाडून विकायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. नोटरीच्या शिक्क्याने जमीन नावावर होत नाही. सातबारा पाहा, अकृषिक परवानगी पाहा, वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा शोध घ्या. वकील एजंटने दिलेला नको, आपला हवा.

एवढं करून घर झालं, तरी शेवटचा दरवाजा उघडा राहतो. हिंदू बाई मृत्युपत्राविना वारली आणि मागे मूल किंवा नवरा नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईचं घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशा बाईचं प्रकरण आलं, जिला वैधव्यानंतर सासरहून हाकललं होतं आणि आईवडिलांनी शिकवून उभं केलं होतं. तिची कमाई सासरच्या वारसांना गेली. पुरुषाच्या बाबतीत कायदा असं करत नाही, त्याची मिळकत बायकोच्या माहेरी जात नाही. उपाय सोपा आहे : मृत्युपत्र. साधा कागद, दोन साक्षीदार. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही.

मात्र सगळी दक्षता बाईनेच घ्यायची, हे आम्हाला मान्य नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं. पुरुषाच्या मनाला घातलेली ती साद होती, आणि ती गरजेची होती. पण हक्क कुणाच्या मनावर अवलंबून ठेवता येत नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, लग्नानंतर संपत्ती दोघांची निम्मी-निम्मी होते आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. आपल्याकडे घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, लोकसभेत ते तसंच राहून गेलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने घरात राहण्याचा हक्क दिला. तो मोलाचा आहे, पण राहणं म्हणजे मालकी नव्हे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. संसारात झालेली मालमत्ता दोघांची, हा कायदा हवा. वारसा कायद्यातलं सासरचं झुकतं माप गेलं पाहिजे. हक्कसोडपत्राच्या नोंदणीआधी बहिणीला भावाविना, एकटीला बसवून, हिश्श्याची किंमत आणि सहीचा अर्थ तिच्या भाषेत सांगणं दुय्यम निबंधकावर बंधनकारक करा. एक टक्क्याच्या सवलतीपेक्षा ही पंधरा मिनिटं बाईच्या अधिक उपयोगाची आहेत.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वस्तीत, बचतगटात, हळदीकुंकवाला एवढं तरी एकमेकींना सांगू या : कागद न वाचता सही नाही. भावाने आणलेला असो, नवऱ्याने आणलेला असो, की ‘ताई, ताई’ करणाऱ्या एजंटने.