माणूस आणि मतदारयादी

"उभा असलेला उमेदवार आपल्यापैकी नाही, मग उन्हात रांग कशाला धरायची?" वाचकहो, हे उद्गार प्रत्येक निवडणुकीत आपल्या वस्त्यांतून ऐकू येतात; आणि 'आपला' माणूस उभा राहिला की त्याच वस्त्या सकाळपासून मतदान केंद्राकडे लोटतात. हा उत्साह स्वाभाविक आहे. ज्यांना पिढ्यान्पिढ्या सत्तेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले, त्यांना आपला माणूस आत जाताना दिसला तर त्यांची पावले उचलणारच. परंतु केवळ ह्या उत्साहावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे अमेरिकेतील शिकागो शहराच्या इतिहासावरून आपण समजून घ्यावे.

1980 च्या सुमारास त्या शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती शेकडा 40 च्या आसपास होती. तरीही त्यांच्यापैकी एकही माणूस निवडून येऊन महापौर झाला नव्हता. कायद्याचे पदवीधर हॅरॉल्ड वॉशिंग्टन ह्यांना लोकांनी उभे राहण्याची गळ घातली, तेव्हा त्यांनी अट घातली : आधी 50,000 नवे मतदार नोंदवा, मग माझ्याकडे या. कार्यकर्त्यांनी चर्चमध्ये आणि गोरगरिबांना सरकारी मदत देणाऱ्या कचेऱ्यांच्या दारांत नोंदणी केली. आकडा लाखापलीकडे गेला. फेब्रुवारी 1983 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत गोऱ्यांची मते दोन उमेदवारांत विभागली गेली आणि वॉशिंग्टन विजयी झाले.

परंतु उमेदवाराची ओळख आपल्यालाच जागे करते असे नाही. ती विरोधकांनाही जागे करते. ज्या शहरात रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार नावापुरता उभा राहत असे, तेथे 12 एप्रिल 1983 रोजी त्या पक्षाच्या गोऱ्या उमेदवाराला शेकडा 48 मते पडली. वॉशिंग्टन जेमतेम निवडून आले. नोंदणीचे ते काम आधी झाले नसते, तर नुसत्या जयघोषाने ते निवडून आले असते काय?

25 नोव्हेंबर 1987 रोजी, अधिकारावर असतानाच, वॉशिंग्टन ह्यांचे निधन झाले. त्यांच्या अनुयायांत दोन तट पडले. 1989 च्या निवडणुकीत दोन्ही तटांचे उमेदवार कृष्णवर्णीयच होते. तथापि 1983 ची गर्दी केंद्रांवर परतली नाही, आणि दोघेही एकामागून एक पराभूत झाले. वर्ण तोच होता. एकजूट तेवढी उरली नव्हती.

बंधुभगिनींनो, बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली, ती एखाद्या उमेदवाराच्या सोयीसाठी नव्हे. राज्यघटनेचे 326 वे कलम मतदाराला मताधिकार देते. समोर कोण उभा आहे हे पाहून देत नाही. आपला माणूस उभा नसेल त्या दिवशी घरी बसणाऱ्या वस्तीची भीती कोणालाच वाटत नाही, आणि जिची भीती नाही तिच्या दारी पाण्याचा नळही उशिरा येतो. म्हणून उमेदवार जाहीर होण्याची वाट पाहू नका. आजच यादीत आपले नाव पाहा. घरातील मुलामुलींना अठरा वर्षे पूर्ण झाली असतील, तर नमुना 6 भरून त्यांची नावे घाला. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहिले असेल, तर ते येथे आणा.

माणूस आज आहे, उद्या नाही. यादीतील नाव आणि ते बजावण्याची सवय, ही मात्र आपल्याच हाती आहे.